जांभळी रेघ

जमनाकाकी,

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या नावाने केळीचं पान वाढलं आणि तुझ्या सुनेने त्या पानावर बुंदीचे दोन लाडू ठेवले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईला मी चार वर्षं गुळाचा खडा जिभेला लावू दिला नाही, तिच्या पानात लाडू! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, साखर होती ना त्यांना." तुझी सून हळूच म्हणाली, "नर्सबाय, आता तरी खाऊ दे आयेला." मग मी गोठ्यामागे गेले आणि पोटभर रडले. तू असतीस तर दोन्ही लाडू मला खिजवत खिजवत खाल्ले असतेस.

तू कशाने गेलीस, किती वर्षांची होतीस, मागे कोण कोण आहे, ते मी लिहिणार नाही. वय तर तुलाही माहीत नव्हतं. तुझ्या पायाच्या बोटांपासून निघून जे तुझ्या हातांपर्यंत चढत आलं, त्याच्याशी तू कशी भांडलीस ते मला लिहायचं आहे. आणि मी तुझ्यापासून काय लपवलं, तेही. त्यावर आपलं एकदा कडाक्याचं भांडण झालं, आणि ते मिटायच्या आत तू गेलीस.

मी कऱ्हाडकडची. नवऱ्याला वीजघराच्या बांधकामावर फिटरची नोकरी मिळाली, आणि मी शिकलेली नर्स म्हणून मला इथल्या सरकारी केंद्रात नेमलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की बोईसरच्या आसपास बाळंतपण म्हटलं की जमनाकाकी. मी तुला बोलावून घेतलं, स्वच्छतेवर भाषण ठोकलं आणि हातात साबणाची वडी दिली. तू ती हुंगलीस. "वास बरा हाय," म्हणालीस. "पोर कुठनं येतं ते म्हाईत हाय ना गो तुला?" शिपाई खो खो हसला. पुढे वर्षभर मी तुला मुद्दाम 'तुम्ही' म्हणत राहिले, आणि त्यातला खवचटपणा तुला बरोबर कळायचा.

आपलं पहिलं मोठं भांडण शेगडीवरून. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि शेपा टाकून खोलीभर धूर. मी घरोघरी जाऊन ती बाहेर काढायला लावायचे आणि माझी पाठ वळली की तू परत आत ठेवायचीस. पण तुझी पद्धत मी चोरून बघत होते, हे आज कबूल करते. बाजेशेजारी पाटावर बसायचीस, दोन्ही हातांत बाळ, आणि उजव्या पायाचा तळवा शेगडीच्या कडेशी. तळव्याला चटका बसला की चिमट्याने दोन निखारे कमी करायचीस, नुसता कोमट लागला की दोन वाढवायचीस. "हात पोराला, पाय शेगडीला," असं म्हणायचीस. इतक्या वर्षांत तुझ्या शेगडीने एकही बाळंतीण भाजली नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात तू स्वतःहून केंद्रात आलीस. ओल्या पायांनी आलीस आणि आल्या आल्या म्हणालीस, "पायात कोनी मिरच्या वाटल्या गो." बोटांना मुंग्या, तळव्यांची आग, पांघरुणाचा भारसुद्धा सहन होत नव्हता, झोपेच्या वेळी पाय पाण्याच्या घमेल्यात. मी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, तुझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि शेवटी विटकरी लाल. तू वाकून बघत होतीस. "शिमगा केलास की!" म्हणालीस. मला हसू आलं नाही, कारण एवढी लाल नळी मी आधी कधी पाहिली नव्हती.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेचा आजार आहे आणि बरीच वर्षं मुरलेला आहे. साखरेनेच पायांच्या नसा कुरतडायला सुरुवात केली होती. गोळ्या दिल्या, भात कमी करायला सांगितला. "भात सोडून काय दगड खायचे?" तू त्यांनाच विचारलंस. नाचणीची भाकरी तुला खाली उतरायची नाही. मी तुझ्या घरी येऊन भाताचं पातेलं उघडून बघायचे आणि तू मला 'फौजदारीण' म्हणायचीस. त्याच सुमारास कधीतरी मी तुला 'तू' म्हणायला लागले.

मग सात-आठ महिन्यांनी तू नारळ घेऊन आलीस. आग थांबली होती. "तुझ्या गोळ्या जिंकल्या," असं सांगून तू नारळ टेबलावर ठेवलास. शिपायाने तो फोडूनही टाकला. मी तुला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि तुझ्या अंगठ्यावरून कोंबडीचं पीस फिरवलं. लागलं की सांग, म्हणाले. तू गप्प. मग टाचणी घेतली आणि टोक टेकवलं. तू गप्पच. जरा जोराने टोचलं, रक्ताचा टिपूस आला.

"सुरू कर की गो," तू डोळे मिटून म्हणालीस.

आग थांबली ती बरं वाटून थांबली नव्हती. दुखतंय म्हणून ओरडणारी नसच मेली होती. ते तुला सांगायला मला खोबऱ्याचा तुकडा हातात धरून बसावं लागलं. तू पायाच्या बोटांकडे बघून म्हणालीस, "मेल्यांनो, न सांगता गेलात?"

तिथून आपली रेघ सुरू झाली. टाचणी जिथे कळायला लागेल तिथे मी जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाने पायावर रेघ ओढायची. दर अमावास्येला, कारण तो दिवस तूच ठरवलास. तू शिरगावची माहेरवाशीण, समुद्राकाठी वाढलेली. तू तिला भरतीची रेघ म्हणायचीस, लाट मागे गेल्यावर वाळूवर काटक्याकचऱ्याची राहते तशी. एकदा विचारलंस, "भरती येते तशी ओहोटी पन येते. याची ओहोटी कवा?" मी म्हणाले, गेलेलं परत येईल असा भरवसा देता येत नाही, पण साखर ताब्यात ठेवलीस तर पाणी आहे तिथे रोखता येईल. "मंग रोखू," तू म्हणालीस, जसं काही बांधच घालायचा आहे.

आणि रोखलंस! घोट्याशी आलेली रेघ तू वर्षभर हलू दिली नाहीस. त्या वर्षी गोळी चुकली नाही, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्याला तू हाकलून दिलंस, रोज अंघोळीनंतर तळवे उलटून आरशात बघितलेस. मला वाटायचं मी तुला शिकवते आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी तू मला शिकवलंस, बाळाचं डोकं पोटावरून कसं चाचपायचं, कळा खऱ्या आणि खोट्या कशा ओळखायच्या. माझ्या पुस्तकात ते होतं, पण माझ्या बोटांत नव्हतं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. तू बाहेर कुणाचं तरी रडणारं पोर गप्प करत बसली होतीस. ते म्हणाले, सगळ्यात लांबची नस आधी जाते, म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांची पाळी लागते. "तिला सांगून ठेवा," असंही ते म्हणाले. परत येताना तू मला विचारलंस, डॉक्टर काय म्हणत होते? मी म्हणाले, काही नाही, भाताचं विचारत होते.

का खोटं बोलले? तेव्हा मी स्वतःला समजावलं की हातांचं ऐकून तू खचशील, गोळ्या फेकून देशील. खरं सांगू? तुझे हात जातील हे मलाच ऐकवत नव्हतं. तू सतत म्हणायचीस, "पायाचं काय गो, हात राहिले म्हंजे झालं." प्रत्येक वेळी मी मान डोलवायचे.

वर्षानंतर रेघ पुन्हा चढायला लागली. तोंड धुताना डोळे मिटले की तू डुलायचीस, म्हणून एक हात दाराच्या चौकटीला. जमीन कुठे आहे ते पायांना कळायचं नाही, डोळ्यांनी बघून पाऊल टाकायचीस. तू काठी घेतलीस ती फक्त चालण्यासाठी नव्हती. "म्हातारी झाली" म्हणणाऱ्यांच्या अंगणात ती जोरात आपटत जायचीस.

रेघ पोटरीच्या वर गेली होती, तेव्हा माझे दिवस भरले. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण इथेच, तुझ्या हातून. मंदा झाली. आणि गावभर शेगड्या विझवत फिरणारी मी, स्वतःच्या बाजेखाली शेगडी ठेवू दिली. कंबर दुखत होती, शेक हवाहवासा वाटत होता, आणि तू होतीस. सहाव्या दिवशी दुपारी तू पाटावर बसली होतीस, मांडीवर मंदा, तळवा शेगडीशी. मला घाम फुटला. "काकी, फार गरम होतंय," मी म्हणाले. तू म्हणालीस, "माझा पाय सांगतो, नाय अजून." आणि आणखी दोन निखारे घातलेस. मला काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं ओवा जास्त झाला.

काकी, तुझ्या पायावर दर महिन्याला रेघ ओढणारी मी. तो पाय मुका झाला आहे हे या पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी पडल्या पडल्या ओव्याचा विचार केला. मी तुझा भाजलेला तळवा बांधत असताना तू मात्र मला बोलूच दिलं नाहीस. "शेगडी माझी, पाय माझा. तू मधी नाक खुपसू नको."

बाराव्या दिवशी बारसं. तुझ्या पायाला पट्टी. एवढा मोठा फोड आणि बाई कण्हत नाही, म्हणून बायकांची कुजबुज सुरू झाली. शेजारच्या द्वारकाबायने ती मोठ्याने बोलून दाखवली, "दुखत नाय म्हंजे महारोग हाय. बाळाला हात नको लावू देऊ." पाच-सहाजणी पदर सावरून उठल्या. मी साखरेचं सांगायला तोंड उघडलं, पण तू मला हाताने थांबवलंस. काठी टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "महारोग नाय मला. पन असता तरी मी हात धुऊनच आले असते. तुमची पोरं काढली तेवा कोनी माझे पाय बघितले नाय." मंदाची आत्या कऱ्हाडला, तिच्या मानाचं काम मी तुला दिलं होतं. तू मंदाला पाळण्यात घातलंस, वाकून तिच्या कानात नाव सांगितलंस. द्वारकाबाय उंबऱ्याबाहेर उभी होती. घुगऱ्या उरल्या, त्या आपण दोघींनी चार दिवस खाल्ल्या.

जखम भरली नाही. काळी पडली, वर सरकली. मुंबईच्या इस्पितळात सांगितलं, गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. मला वाटलं तू नाही म्हणशील, म्हणून मी बरीच तयारी करून बसले होते. तू म्हणालीस, "काप म्हन त्याला. पाय काय बाळंतपन करतो?"

आणि मग, पाय कापून घरी आल्यावर, तू खाटेवर बसून सुनेला मसाला निवडून देत होतीस तेव्हा, तुझ्या चिमटीत ओवा आणि शेपा वेगळे लागेनात. तू मला निरोप धाडलास. मी आले तर तू दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होतीस.

"हे येनार ते तुला म्हाईत होतं?"

मी हो म्हणाले.

"कवापासनं?"

मी सांगितलं. तू मला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही, ते माझ्यापाशी राहू दे. फक्त शेवटचं लिहिते. "दोन वर्षं माझे हात धड होते. मला म्हाईत असतं तर मी तुला रोज बसवून सगळं शिकवलं असतं. तू माझी दोन वर्षं खाल्लीस." पायाची रेघ मी तुला महिन्याच्या महिन्याला दाखवली आणि ती कुठे चालली आहे ते लपवलं. तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस.

बोललीस ती सालवडच्या बाळंतपणात. मजुरांच्या झोपड्यांत सोलापूरकडची एक बाई अडली होती. भर दुपार. मी पोचले तर बाळाचं बूड खाली, मूल पायाळू. पालघरला गाडीसाठी माणूस पिटाळला, पण कळा थांबणार नव्हत्या. मी तुझ्याकडे निरोप पाठवला, येशील याची खात्री नव्हती. दोन मजूर तुला लाकडी खुर्चीसकट उचलून घेऊन आले. तुझ्या हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा चालू, "हळू चला रे मेल्यांनो, मी काय सिमेंटची गोन हाय?"

तू माझ्या मागे बसलीस, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवलीस. "माझ्या बोटांना कळत नाय. तुझी बोटं, माझं डोकं. काय लागतं ते बोल." मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. लहान बोटं लागतात, म्हणाले. "टाच लागते? टाच लागली तर पाय." लागली. "आता वढू नको. पाय दिसला म्हनून वढायचं नाय. हात बाजूला." ती बाई किंचाळत होती, माझे हात ओढायला शिवशिवत होते आणि तू माझं मनगट धरून ठेवलं होतंस. तुझ्या पकडीत अजून ताकद होती. "येऊ दे त्याचं त्याला. कंबर आली? आता फडकं गुंडाळ. पाठ वर." एकेक शब्द, घाई नाही. डोकं सुटलं तेव्हा मूल निळं होतं, आवाज नाही. मी त्याचं तोंड पुसलं. "तळव्याला टिचकी मार." मी मारली. काही नाही. "जोरानं मार!"

त्याने पाय आखडून घेतला आणि असा टाहो फोडला की बाहेरचे मजूर ओरडले. तू माझ्या पाठीवर डोकं ठेवून हसत होतीस, रडत होतीस, मला नक्की कळलं नाही. "बघ गो," म्हणालीस, "पायाला कळलं त्याच्या."

त्यानंतर तू रोज मला बोलावून शिकवायला लागलीस. चारच महिने मिळाले. मी माफी मागितली नाही. रोज येताना ठरवायचे, आणि तू समोर दिसलीस की लगेच कामालाच लावायचीस. तू माफ केलंस का, तेही मला माहीत नाही. वीजघर आता सुरू होईल म्हणतात, सगळीकडे उजेड पडेल म्हणतात. तुझ्या ओटीवर अजून रॉकेलची चिमणीच आहे, आणि तिच्याखाली तुझी रिकामी खाट.

एवढं मी काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळचं लिहायचं राहिलं.

सकाळी केंद्र उघडलं तर पायरीवर द्वारकाबाय. हो, तीच. सुनेचे दिवस भरत आले आहेत. "जमनाकाकी नाय आता. तूच ये," म्हणाली. मग जरा घुटमळून, "शेगडी ठेवू ना?" मी तुझ्यासारखी पाठीवर हात ठेवणारी नाही, मला राग आला होता. म्हणाले, "ठेव. पण शेगडीशी जी बसणार, तिचे पाय मी आधी तपासणार." ती म्हणाली, मीच बसणार. मी तिला तुझ्या बाकावर बसवलं, डोळे मिटायला लावले. पीस फिरवलं. टाचणी टेकवली, मग जरा जोराने.

"सुरू कर की गो," द्वारकाबाय म्हणाली.

काकी, मी टाचणी बाजूला ठेवली.

तिने डोळे उघडले, अंगठ्यावरचं रक्त पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि पदर तोंडात कोंबला. "महारोग हाय का गो मला?" मी म्हणाले, नाही. पण असता तरी मी हात धुऊन तुझ्या सुनेचं बाळंतपण केलं असतं. ते वाक्य कुणाचं ते तिला कळलं. मी दिवा पेटवला, नळी धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि तिथेच थांबलं; साखर होती, पण तुझ्याएवढी नाही.

मग मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आधी आग होते, मग ती थांबते, आणि ती थांबली म्हणजे बरं झालं असं नाही. मग डुलायला होतं, मग जखम होते आणि कळत नाही. रेघ गुडघ्याशी आली की हातांची पाळी लागते. सावकाश चढते, सगळ्यांची सारखी चढत नाही, आणि जमनाकाकीने ती वर्षभर घोट्याशी रोखून धरली होती. द्वारकाबायने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले आणि उलटसुलट करून बघत राहिली. मी जांभळ्या औषधाची बाटली उघडली आणि तिच्या पायाच्या बोटांच्या मुळाशी रेघ ओढली.

या वेळी पहिल्याच दिवशी सांगितलं, काकी. हातांचंसुद्धा.